वास आल्यास

३ जानेवारी

वहिनी,

चष्मा लाव आणि खाली बसून वाच. मी भांडायला बसले आहे.

तुझ्या लेकाचं पत्र काल आलं. लिहितो, "आत्या, आईने गॅसला पुन्हा नाही म्हटलं. आता तूच काय ते बघ." लिफ्ट तपासणारा माणूस तो. रोज लोकांच्या डोक्यावरचे दोर ओढून बघतो आणि स्वतःच्या आईपुढे हात टेकतो! फोन केला असता, पण माझे कान गेल्यापासून फोनवर मला नुसती माशांची घूंघूं ऐकू येते. म्हणून पत्र. पत्राचा एक फायदा आहे, तुला मध्येच तोंड घालून मला थांबवता येत नाही.

गेल्या महिन्यात मी तुझ्याकडे राहिले तेव्हा तू छापखान्यातल्या मंडळींचे डबे करत होतीस आणि मी मागे उभी राहून बघत होते. खोक्यांच्या ओल्या फळ्या चुलीत सारायच्या, फुंकणी फुंकायची, डोळे चोळायचे, खोकायचं, पुन्हा फुंकायचं. तुझी भिंत काळी, छत काळं, आणि डॉक्टरने आत दिवा लावून बघितलं तर फुप्फुसंही त्याच रंगाची निघतील. मी आयुष्यभर विणकर बायकांच्या सभांतून ओरडत आले की बाईचा श्वास फुकटचा नाही. एखाद्या मालकाने कारखान्यात एवढा धूर केला असता तर मी त्याच्या दारात ठाण मांडून बसले असते. आणि इथे माझ्या दादाच्या बायकोने तोच धूर स्वतःच्या हाताने छातीत भरायचा आणि वर म्हणायचं, "सवय आहे हो!" सवय तर गुलामालाही होते, वहिनी.

बाटलीतला गॅस ही चैन नाही. आपल्या हुकमातला जाळ आहे तो. कळ फिरवली की पेटतो, फिरवली की विझतो, पावसाळी फळीसारखा रुसून बसत नाही. दादा गेल्यावर तू लेकाकडे गेली नाहीस, माझ्याकडे आली नाहीस, डबे सुरू केलेस आणि ताठ उभी राहिलीस. अशी बाई एका लोखंडी टाकीला घाबरते यावर माझा विश्वास नाही. काय आहे ते सरळ लिही.

तुझी नणंद, आणि आजच्या दिवसापुरती वैरीण


११ जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. आधी बसून वाचलं, मग उभं राहून वाचलं, मग शेजारच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, चुलीपेक्षा या पत्रातूनच जास्त धूर निघतोय."

तुम्ही कारण विचारता. एक का, पुष्कळ आहेत. छापखान्यातल्या फोरमनला चुलीवरचंच जेवण लागतं, बाकीच्याने त्याचं पोट दुखतं म्हणे. फळ्या छापखान्यातून आयत्या येतात, दारात आणून टाकतात. गॅसची टाकी संपली तर माझ्यासारख्या बाईने ती कोणाच्या खांद्यावर चढवायची? शिवाय टाकी म्हणजे घरात बसवलेला बॉम्ब. मी आपली एकटी राहणारी बाई, उशाशी बॉम्ब घेऊन झोपू?

खोकल्याचं म्हणाल तर तो आता घरचाच झालाय. सकाळी तो उठतो, मग मी उठते.

तुम्ही आपल्या गिरण्या सांभाळा, वन्सं, माझी चूल मला सांभाळू द्या. आणि हो, तुमचं पत्र वाचता वाचता रस्सा बुडाशी लागला. शिंपीणबाई दारातूनच ओरडल्या, "करपलं, करपलं!" तेव्हा कुठे मला कळलं. म्हणजे बघा, तुमच्या भाषणापायी आज छापखाना अर्धपोटी राहिला.

तब्येतीला जपा. यंत्र कानात घालत जा, खिशात नको.

वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

तुझी कारणं मी एकेक करून उन्हात वाळत घातली. एकही टिकलं नाही.

फोरमनला चुलीवरचं लागतं? त्याला म्हणावं, मग चुलीपुढे तू बस, मी छापखाना चालवते. टाकी कोण उचलणार? गॅसवाला उचलणार, त्याचं कामच ते आहे, घरात आणून जोडून देतो. राहिला बॉम्ब. घराला आग लावायला चुलीतली एक ठिणगी पुरते, हे तू विसरलीस. मागे एकदा तुझा पदर पेटला होता, तेव्हा घरात कुठली टाकी होती?

नीट ऐक. या गॅसला स्वतःचा वास नसतो. कुठे गळला तर माणसाला कळावा म्हणून मुद्दाम त्यात एक घाणेरडा वास मिसळतात, सडक्या कोबीसारखा. गळती झाली की नाक ओरडून उठवतं. नाकच पहारेकरी! आणि तुझ्या नाकाबद्दल मी वेगळं काय सांगू? दादाने कोपऱ्यावर चोरून विडी ओढली तर तो घरात यायच्या आधी तुझी भुवई वर गेलेली असायची. बिचारा तोंडात पुदिना कोंबून यायचा, तर तू म्हणायचीस, "विडीवर पुदिना खाल्लात का?" असलं नाक ज्या घरात आहे तिथे गॅस आणायला भ्यायचं, तर मग आणायचा कुठे?

तुझ्या लेकाने माझ्या सांगण्यावरून नोंदणी करून टाकली आहे. शेगडी, टाकी, सगळं या महिनाअखेर येईल. दार उघड, त्या माणसाला पाणी विचार आणि चुलीला रजा दे. माझं भाषण संपलं. टाळ्या वाजवल्यास तरी मला ऐकू येणार नाहीत.

नणंद


६ फेब्रुवारी

वन्सं,

गॅस आला. शेगडी सपाट जागेवर ठेवली आहे. ज्योत निळी आहे आणि सगळीकडून सारखी आहे. भांडी काळी होत नाहीत. वेळेची बचत होते. वापर झाल्यावर कळ बंद करते.

सर्व छान आहे. काळजी नसावी.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी, वहिनी!

तुझं पत्र मी रविवारच्या सभेत वाचून दाखवलं. रागावू नकोस. समोर सभागृहभर विणकर बायका, निम्म्या अजून धुराने डोळे लाल करून आलेल्या. मी म्हटलं, "ही माझी वहिनी. वय माझ्याएवढं. जन्म चुलीपुढे गेला. काल-परवापर्यंत टाकीला बॉम्ब म्हणत होती आणि आज लिहिते की ज्योत निळी आहे आणि सगळीकडून सारखी आहे! किती साधं वाक्य! बाई मोकळी झाली की तिची भाषासुद्धा स्वच्छ होते!" आणि असा गलका उठला की मला तो पायाखालच्या फळ्यांतून जाणवला.

पहिल्या रांगेतल्या एका आजीने चिठ्ठी पाठवली, "तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या पेटवू शकतात तर मीही पेटवीन." तिचा नमस्कार तुला पोचवते. मला आयुष्यात पुष्कळ हार मिळाले, पण तुझ्या त्या चार ओळींनी मला जेवढं सुख दिलं तेवढं कशाने दिलं नाही.

खोकला किती कमी झाला ते सविस्तर लिही.

तुझी, वैर संपलेली, नणंद


२७ मार्च

वहिनी,

दीड महिना झाला, तुझी एक ओळ नाही. आणि आज तुझ्या लेकाचं हे पत्र आलं.

तो मागच्या आठवड्यात तुझ्याकडे येऊन गेला. लिहितो की चुलीवरची भिंत ताज्या काजळीने काळी आहे. शेगडीवर तू फडकं पसरून त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या आहेस. टाकी त्याने हलवून बघितली तर आली होती तशीच्या तशी जड. त्याने विचारलं तर तू म्हणालीस, "मी फार काटकसरीने वापरते." वहिनी, काटकसर? टाकी भरलेली आहे!

मग मी तुझं ते पत्र काढून पुन्हा वाचलं. "शेगडी सपाट जागेवर ठेवली आहे." अगं, ते तू माहितीपत्रकातून उतरवून काढलंस! आणि मी ते सभागृहात छाती पुढे काढून वाचलं! त्या आजीने मला चिठ्ठी दिली, आणि मी तिला खोट्या भरवशावर घरी पाठवलं.

माझं मरू दे. ऐक, तुझ्या लेकाने ठरवलं आहे. तो म्हणतो, "आई खोटं सांगायला लागली म्हणजे तिचं काहीतरी बिनसलंय. तिला असं एकटं ठेवणं धोक्याचं. मी एप्रिलअखेर येऊन तिला घेऊन जातो. डबे बंद." मी त्याला थोपवू शकते, पण कशाच्या जोरावर? तुझ्या बाजूने बोलायचं तर मला तुझी बाजू कळायला हवी. मालकाशी भांडताना कामगाराने माझ्यापासून काही लपवलं तर मी त्याला एकच सांगत आले, मला खरं सांग, मग बघ मी काय करते ते.

हा हट्ट आहे का? भीती आहे का? की माझा राग? खरं काय ते लिही. आणि तोवर, तुला शपथ आहे, ती शेगडी एकदा तरी पेटवून बघ. पेटवल्याशिवाय भीती जात नाही.

नणंद


३ एप्रिल

वन्सं,

मी जिवंत आहे, घर जागेवर आहे, कोणालाही काही झालेलं नाही. एवढं आधी वाचा, मग पुढचं.

परवा तुमचं पत्र आलं. त्या आजीचं वाचून मला इतकी शरम वाटली की मी बरण्या उचलल्या, फडकं काढलं आणि शेगडी पेटवली. ज्योत खरंच निळी होती. तिच्यावर दूध ठेवलं आणि मागच्या दारी भांडी विसळायला गेले. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ज्योत विझली. मी आत आले, ज्योत दिसेना. वाटलं, मीच बंद केली असेल. दूध पुसून काढलं आणि म्हटलं नको ही भानगड, आपली चूलच बरी. खाली बसले, फळ्या रचल्या, काडीपेटी हातात घेतली, काडी बाहेर काढली.

तेवढ्यात शिंपीणबाई दारात आल्या आणि अशा किंचाळल्या, "टाक! टाक ती काडी खाली!" शेजाराला वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नव्हतं. त्यांनी झेप घेऊन शेगडीची कळ बंद केली, टाकीची कळ बंद केली, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि मला दंडाला धरून अंगणात ओढत नेलं. त्या मला ओरडत होत्या, "नाक काय गहाण ठेवलंत का? रस्त्यापर्यंत वास मारतोय! आत बसून काय करत होतात?"

मी म्हटलं, "सर्दी झालीय हो."

वन्सं, सर्दी झालेली नाही. मला वासच येत नाही.

तुम्हाला आठवत असेल, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मला मोठा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, न येईलही. अजून आलेला नाही. कांदा, साबण, फिनेल, ह्यांचा कपाटातला कोट, सगळं सारखं. सारखं म्हणजे काहीच नाही. ह्यांच्या कोटाचं मात्र मला फार लागलं. अजूनही कधीकधी दार लावून त्यात तोंड घालून बसते, एखाद्या दिवशी येईल म्हणून.

तुम्ही म्हणाल, मग डबे कसे करतेस? खारट, आंबट, गोड, तिखट जिभेला कळतं. बाकीचं डोळ्यांनी आणि कानांनी. कांदा झाला की रंग सांगतो. तेल तापलं की आधी कुरकुरतं, मग गप्प होतं, तेव्हा टाकायचं. भाताचं पाणी आटलं की झाकणाचा आवाज बदलतो. चुकतं कधीकधी, त्या रश्श्यासारखं. पण छापखान्यातून आजवर एक डबा परत आलेला नाही.

आता सांगते चूल का सोडत नव्हते. चुलीचं सगळं दिसतं. जाळ दिसतो, निखारा दिसतो, धूर दिसतो. तुमचा गॅस दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याचा सगळा पहारा नाकावर, आणि माझ्या दारातला पहारेकरी मेलेला. तुम्ही माझ्या नाकाचं एवढं कौतुक लिहिलंत, वन्सं, ते वाचून मी खूप वेळ अंगणात बसून राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कोणत्या तोंडाने सांगू?

आणि लेकाला तर नाहीच नाही. तुम्ही त्याला ओळखता. एक बोल्ट ढिला दिसला तरी तो आख्खी लिफ्ट बंद करून दाराला पाटी लावतो. मलाही बंद करील. चूल चालू ठेवली तर हट्टी म्हणून नेईल, नाकाचं सांगितलं तर आजारी म्हणून नेईल. त्याचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे, मला गादीवर बसवतील. पण वन्सं, दुपारी बारा वाजता छापखान्याचा भोंगा झाला की तिथली माणसं माझं झाकण उघडतात. ते गेलं तर मग मी नुसती कोणाची तरी आई आणि कोणाची तरी विधवा. मला तेवढंच नाही व्हायचं.

त्याला सांगू नका. हात जोडते.

तुमची वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचलं, उठले, पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. तुझ्या हातातली ती काडी मला अजून दिसते आहे. त्या शिंपीणबाईंच्या पाया पडायला मी येणार आहे, त्यांना सांगून ठेव, पाय मागे घ्यायचे नाहीत.

"पेटवल्याशिवाय भीती जात नाही." हे मी लिहिलं! भित्री ठरवलं ती तुला, आणि त्या सगळ्या प्रकरणात धोका कुठे आहे ते बरोबर ओळखलं होतं ते एकट्या तूच. माझ्याइतकं मोठ्याने बोलणारं माणूस इतकं चुकू शकतं हे मी लक्षात ठेवीन. पण छाती बडवत बसायला मला वेळ नाही, कारण मला दुसऱ्याच एका गोष्टीचा संताप आला आहे.

मी ते माहितीपत्रक मागवून घेतलं. त्यात लिहिलंय, "वास आल्यास खिडक्या उघडा. वास आल्यास दिव्याचं बटण दाबू नका. वास आल्यास दुकानाला कळवा." वास आल्यास! आणि न आल्यास? तापाने नाक गेलेल्या बाईने काय करायचं? म्हातारपणाने नाक बोथट झालेल्याने काय करायचं? सर्दीने नाक चोंदलेल्याने काय करायचं? सगळ्या जगाचं नाक धडधाकट आहे असं धरून कोणीतरी खुर्चीत बसून हे लिहिलं, छापलं आणि घरोघर वाटलं. आणि ज्यांना वास येत नाही त्यांनी लाजायचं! वहिनी, लाज तुझ्या बाजूची नाही.

मी तडक इथल्या गॅसच्या दुकानात गेले. विचारलं, "ज्याला वास येत नाही त्याने काय करायचं?" तिथल्या माणसाने कागदावर लिहिलं, "असं आजवर कोणी विचारलं नाही." मी म्हटलं, "आता विचारलंय." आणि खुर्ची ओढून बसले. त्याने आत जाऊन साहेबाला आणलं, साहेबाने आणखी एकाला आणलं, आणि शेवटी उत्तर निघालं. ते लिहिते.

टाकी घरात ठेवायचीच नाही. मागच्या अंगणात, छपराखाली, मोकळ्या हवेत ठेवायची आणि भिंतीतून नळी आत घ्यायची. स्वयंपाक झाला की शेगडीची कळ बंद कर आणि टाकीचीही. शेगडी बदलून घे, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी मिळते. दूध कितीही उतू जाऊ दे. गळती झाली की ओरडणारं एक यंत्र मिळतं, ते जमिनीलगत लावायचं, कारण हा गॅस जड असतो, खाली बसतो. मी तुझ्याकडे आले की ते मला ऐकू यायचं नाही, पण तुझे कान शाबूत आहेत.

आणि तुझ्या जिवाची गोष्ट आता. साबणाचं दाट पाणी करायचं आणि जिथे जिथे जोड आहे तिथे ब्रशने लावायचं. गळत असेल तिथे बुडबुडा फुगतो. कळलं का? तू म्हणालीस गॅस दिसत नाही. दिसतो, वहिनी! फेसात दिसतो! आणि तुझ्यासारखी नुसत्या रंगावरून कांदा ओळखणारी नजर आणखी कोणाची आहे?

तुझ्या लेकाला मी काही सांगणार नाही, पण तू सांगायचंस. माफी मागत नाही, माहिती देत. माझे कान गेले तेव्हा मी सभा सोडली नाही. व्यासपीठावरून सांगितलं, "मला ऐकू येत नाही, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या." पहिल्या दिवशी खसखस पिकली. आता ज्या बायका तोंड उघडत नव्हत्या त्याही चिठ्ठी पाठवतात. आपलं काय गेलंय ते आपणच आधी सांगून टाकलं की दुसऱ्याच्या हातात पाटी राहत नाही.

वस्तू पाठवते आहे. गॅसवाल्याकडूनच जोडून घे.

नणंद


२९ एप्रिल

वन्सं,

काल लेक येऊन गेला. परत गेला. एकटा गेला!

तुम्ही पाठवलेलं सगळं गॅसवाल्याने गेल्याच आठवड्यात बसवून दिलं होतं. लेक आला तो रिकामी खोकी घेऊन, माझी भांडी भरायला. चप्पल काढायच्या आत मी म्हटलं, "आधी ऐक. मला वास येत नाही. दीड वर्ष होत आलं. महिन्याच्या सुरुवातीला गॅस गळला आणि शिंपीणबाईंमुळे वाचले. आता बस, चहा टाकते."

तो बसला नाही. दारातच उभा राहिला. चेहरा असा झाला की मला तो पाचवीतला वाटला. मग म्हणाला, "दीड वर्ष, आई? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला बंद केलं असतंस."

"म्हणजे?"

"लिफ्ट बंद करतोस तसं. दाराला पाटी लावून."

तेव्हा तो बसला. मग हळूच म्हणाला, "मी लिफ्ट बंद करतो ती दुरुस्त करायला, आई. भंगारात काढायला नाही."

हे मला कधी सुचलंच नव्हतं, वन्सं.

पण तो तुमचाच भाचा, एवढ्याने विरघळायचा नाही. अंगणात गेला, टाकी बघितली, नळी बघितली, जमिनीलगतचं यंत्र वाकून बघितलं. म्हणाला, "सगळं ठीक आहे. पण वस्तू चांगली असून भागत नाही. आम्ही लिफ्ट तपासतो तेव्हा मुद्दाम एक दोष करून ठेवतो आणि बघतो, ब्रेक पकडतो का."

मी म्हटलं, "मग मला तपास. मी ब्रेक."

"बघ हं."

"बघते काय! कर दोष."

चूल थंड, घरात काडी नाही, दारं-खिडक्या उघडी, आम्ही मोकळ्या अंगणात. त्याने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, अगदी लपाछपीतल्यासारखं. शिंपीणबाई कुंपणावरून बघत होत्या, म्हणाल्या, "चोरून बघू नका हो." त्याने पान्याने एक जोड कणभर ढिला केला आणि म्हणाला, "शोध."

मी ह्यांचा दाढीचा जुना ब्रश घेतला, वाटीत साबण घोळला आणि भिंतीतल्या नळीपासून सुरुवात केली. एकेक जोड, सावकाश, कांदा परतताना बघते तसं. मधल्या जोडावर फेस हलला. मग त्यातून एक बुडबुडा फुगला, मोत्याएवढा, मग बोराएवढा. मी म्हटलं, "हा."

"बरोबर," तो म्हणाला आणि जोड घट्ट केला. त्याचा आवाज जरा नरम झाला होता. पण मी थांबले नाही. टाकीपर्यंत गेले. कळ जिथे टाकीच्या तोंडावर बसते तिथे फेस लावला. आधी काही नाही. मी तशीच वाकून बघत राहिले. मग अगदी बारीक, राईएवढा एक बुडबुडा, आणि त्याला चिकटून दुसरा.

"हासुद्धा," मी म्हटलं.

"नाही. मी एकच ढिला केला होता."

"बघ तरी."

तो गुडघ्यांवर बसला. फेसाकडे बघितलं, मग नाक टाकीच्या तोंडापाशी नेऊन जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मला तर काहीच वास येत नाही, आई."

"मलाही नाही रे."

वन्सं, तो तसाच मातीत बसकण मारून हसायला लागला. मीही हसले, शिंपीणबाई हसल्या, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बाहीने तोंड पुसत म्हणाला, "माझं नाक चालू आहे आणि मी इथून तसाच उठून गेलो असतो."

गळती टाकीच्या तोंडातली रबरी चकती चिरल्यामुळे होती. गॅसवाल्याला बोलावून दुपारच्या आत बदलून घेतली आणि पुन्हा फेस लावून बघितला. फेस नुसता बसून राहिला, एकही बुडबुडा नाही. इतका सुंदर फेस मी आजवर पाहिला नाही.

मग लेक म्हणाला, "डबे राहिले ना तुझे आज?" छापखान्याला निरोप गेला, आज उशीर होईल. मी निळ्या ज्योतीवर भात आणि भाजी केली. तो बाजूला बसून डबे पुसत होता आणि माझ्याकडे चोरून बघत होता. मी झाकणाला कान लावला की तोही कान पुढे करायचा. डबे तोच पोचवून आला. फोरमनने डबा उघडून विचारलं म्हणे, "आज चुलीवरचं दिसत नाही?" लेकाने सांगितलं, "नाही, आणि आता कधी असणारही नाही." फोरमनने दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

तुमच्या सभेत आता माझं सगळं खरं सांगा. त्या आजीला तर नक्की सांगा, आणि ब्रश कुठला वापरायचा तेही. आणि ज्यांना वास येत नाही अशा आणखी कोणी असल्या तर त्यांनी मला लिहावं, मी उत्तर देईन.

जाताना लेक ती रिकामी खोकी इथेच ठेवून गेला. त्यात शिंपीणबाईंनी कापडाचे तुकडे भरून ठेवलेत.

आता थांबते. उद्याचं धान्य भिजत घालायचं आहे, आणि त्याआधी टाकीची कळ बंद केली का ते एकदा बघून येते.

तुमची वहिनी